हरितानंदांची कुंडी

पौर्णिमेच्या सकाळी बेंगळुरात पीण्या या कारखान्यांच्या वस्तीकडे जाणाऱ्या मेट्रोत माणसांपेक्षा कुंड्यांचीच गर्दी जास्त असायची. ज्याच्या त्याच्या मांडीवर कुंडी, कुंडीत रुंद पानांचं बुटकं झाड, आणि पान असं की कडेनं हिरवं आणि मधोमध पांढरंफटक. स्टेशनवर सामान तपासणाऱ्या यंत्रापाशी रखवालदार हैराण व्हायचा. "अम्मा, यंत्रात माती सांडते हो," असं त्यानं म्हटलं की अम्मा उलट त्यालाच झापायच्या, "सांडू दे. स्वामींची माती आहे, तुझं यंत्र पवित्र होईल."

या सगळ्या कुंड्या जायच्या त्या पीण्यातल्या एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये. तिथं पूर्वी नट-बोल्ट व्हायचे, आता चमत्कार होऊ लागले होते. वर हिरवी जाळी ताणलेली, खाली सतरंज्या, आणि समोर स्टेजवर हिरवी रेशमी लुंगी, हिरवी शाल, कपाळाला हिरवा टिळा अशा थाटात स्वामी हरितानंद. तो टिळा कशाचा होता देव जाणे, पण घाम आला की नाकावर ओघळायचा. मग नागराज नावाचा शिष्य पुढं होऊन तो रुमालानं अलगद टिपून घ्यायचा. तो रुमालसुद्धा प्रसाद म्हणून मागणारी माणसं होती. बोला आता!

स्वामी मूळचे निपाणीकडचे. त्यामुळं प्रवचन अर्धं कानडीत, अर्धं मराठीत चालायचं आणि बेंगळुरातल्या मराठी घरांची तिथं झुंबड उडायची. आपल्या भाषेत फसवणारा भेटला की माणसाला फार आपलेपणा वाटतो.

"हा देह पूर्वी शिवकुमार होता," स्वामी सुरू करायचे. "शिवकुमार भरमाप्पा! रोहिणी नक्षत्राचं लेकरू. ह्याच पीण्यात लेथवर लोखंड कापत होता. कापता कापता एक दिवस वरून आवाज आला, शिवकुमारा, लोखंड काय कापायलास, पाप काप की!" इथं लोक टाळ्या वाजवायचे. "मायांनो, कोड कुठं असतं? डॉक्टर म्हणतो कातड्यात. अरे, कातडं म्हणजे साल! रोग असतोय मुळात. आणि मूळ कुणाला दिसतंय? म्हणून कैलासाच्या पायथ्याहून ही श्वेतपर्णी आणली. हिच्यावर तुमचं नाव घातलं की तुमचं कोड हिच्या पानात उतरतं. दर अमावास्येला जो कोंब पांढरा दिसेल तो बुडापासून कापायचा आणि इथं आणून टाकायचा. हिरव्याला हात लावायचा नाही. पाप कापत गेलं की झाड हिरवं. झाड हिरवं की तुम्ही कोरे!"

त्या दिवशी महानंदा नावाची एक बाई आपली कुंडी डोक्यावर घेऊन स्टेजवर चढली. कुंडीत पांढऱ्याचा ठिपकासुद्धा नव्हता. हिरवंगार झाड! शेडमध्ये असा काही कल्लोळ उठला की जाळीवरची कबुतरं उडाली. बायका रडल्या, पुरुषांनी डोळे पुसले. महानंदेच्या हातापायांवरचे डाग होते तिथंच होते, पण तिच्याकडे बघत होतं कोण? सगळे कुंडीकडे बघत होते. "मूळ गेलं," स्वामी म्हणाले, "आता नुसती खूण राहिली. ती सर्वांग अभिषेकानं उतरेल." म्हणजे स्वामींचं सूर्यतैल डोक्यापासून तळपायापर्यंत चोपडायचं आणि दिवसभर उन्हात बसायचं. महानंदेला वाजतगाजत मागच्या अंगणात नेलं. पुढं ती कुठल्याच पौर्णिमेला दिसली नाही. कोणी विचारलं तर स्वामी म्हणायचे, "मुक्त झाली ती. मुक्त माणूस परत कशाला येईल?"

मागच्या खांबाला टेकून हयवदनराव हे सगळं बघत होते. वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. घराणं शहाजीराजांच्या वेळेपासून इथलं, घर चामराजपेटेत, आणि जीभ अशी की कॉलेजात मुलं परीक्षेपेक्षा सरांच्या शेऱ्याला घाबरायची. धाकट्या बहिणीनं, कमलानं, फारच गळ घातली म्हणून ते आले होते. कमलाची मुलगी यशश्री व्हाइटफील्डला एका कंपनीत नोकरीला. पोरगी हुशार, हसरी. तिच्या मानेवर, मनगटावर आणि ओठाच्या कडेला कोडाचे डाग होते. त्वचेच्या डॉक्टरांचा मलम आणि दवाखान्यातला प्रकाशाचा उपचार चालू होता आणि ओठाजवळचा डाग हळूहळू भरूनही येत होता. पण "हळूहळू" हा शब्द कमलाला सोसत नव्हता. स्थळं बघून जायची ती परत फिरकायची नाहीत. कमलानं डॉक्टर बंद केले आणि कुंडी आणली.

स्वामींनी नियम सांगितला आणि हयवदनराव खोऽ खोऽ हसायला लागले. आजूबाजूची माणसं वळून बघू लागली.

"अण्णा, गप ना," कमला कळवळून म्हणाली.

"अगं, होस्टा आहे हा! होस्टा! जपान-कोरियाकडचं झाड. हॉलंडहून गड्डे खोक्यात भरून येतात. कैलास म्हणे!"

"लोक बघतायत, अण्णा."

"बघू देत की. बघायलाच तर जमलेत."

खरं म्हणजे सगळा डाव त्यांना त्याच क्षणी कळला होता. चट्टेरी पानांची झाडं त्यांनी उभा जन्म शिकवली होती. असल्या झाडाचा रंग कधी पक्का नसतो, तो कुठल्याही कोंबात फिरतो, आणि माळ्यानं कुठला कोंब ठेवला यावर पुढचं झाड ठरतं. कळायला त्यांना पापणी लवण्याइतकाही वेळ लागला नाही.

संध्याकाळी कमलाच्या घरी जुंपली. यशश्री गॅलरीतल्या कुंडीपाशी उभी होती.

"कमले, हे खूळ बंद कर," हयवदनराव म्हणाले. "आणि पोरीला परत डॉक्टरकडे ने."

"डॉक्टर वर्षभर मलम लावत होता. काय उजेड पडला?"

"पडत होता की. ओठाजवळचं भरत आलं होतं."

"आणि मानेवरचं? स्थळवाले ओठ बघतात आणि मान बघत नाहीत का? तुला काय, मुलाचं लग्न लावून मोकळा झालास. अण्णा, खरं सांगू? तुझी विद्या पेन्शनपुरती. ती घेऊन आमच्या घरात येऊ नकोस."

"मामा," यशश्री मधे पडली, "आईवर चिडू नकोस. पण झाड स्वल्प हिरवं झालंय हो. मी रोज फोटो काढते. बघ ना."

तिनं फोन पुढं केला. तिच्या डोळ्यांत अशी आशा होती की दगडालाही पाझर फुटावा. ते कोंब कापण्याचं गौडबंगाल हयवदनरावांच्या अगदी ओठावर आलं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. पण "पेन्शनपुरती" हा शब्द कानात शिरला होता आणि आता तो बाहेर निघेना. ठीक आहे, ते मनात म्हणाले, घरात नको ना माझी विद्या? मग भर सभेतच दाखवतो. चपला पायात सरकवून ते जे निघाले ते पाणीही न पिता.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच पीण्याला गेले आणि कुंड्यांच्या रांगेत उभे राहिले.

"नाव?" कुंडीवर चिठ्ठी चिकटवणाऱ्या नागराजनं विचारलं.

"शिवकुमार."

"वडील?"

"भरमाप्पा. नक्षत्र रोहिणी."

नागराजनं मान वरही न करता लिहिलं. बेंगळुरात शिवकुमारांना काय तोटा? आणि रोज शेकडो नावं लिहिणारा माणूस नाव ऐकतो कुठं? "सरी, ठीक आहे, पुढं चला," तो म्हणाला.

कुंडी चामराजपेटेत आली आणि हयवदनरावांना जणू पुन्हा नोकरी लागली. मागच्या अंगणात सावलीत कुंडी ठेवली, माती बदलली, गोगलगायी वेचल्या. स्वामींचा नियम त्यांनी तंतोतंत पाळला, फक्त उलटा. हिरवा कोंब दिसला की बुडापासून उडवायचा, पांढऱ्याला हात लावायचा नाही. सकाळी कॉफीचा पेला घेऊन ते कुंडीपाशी बसायचे. "काय शिवकुमार, आज काय म्हणता? रंग उडालेला दिसतोय!" आणि स्वतःशीच हसायचे. सगळे हिरवे कोंब एकदम कापले तर झाड उपासमारीनं मरेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून थोडं हिरवं ते शेवटपर्यंत राखून होते. झाडाची काळजी घेण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता.

मधे एकदा यशश्रीचा फोन आला. वैशाखाचं ऊन सुरू झालं होतं.

"मामा, एक विचारू? आईला सांगू नकोस. स्वामींनी घरी लावायला दिलेलं ते सूर्यतैल लावून मी रोज दुपारी गच्चीवर बसते. मानेवर फोड आलेत. फार आग होते. स्वामी म्हणतात विष बाहेर पडतंय. असं होतं का रे?"

"तेल बंद कर," असं हयवदनराव म्हणाले असते तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण त्यांना वाटलं, तेल ते काय असणार, खोबरेलात कापूर घातला असेल. लबाड माणूस तेलावर कशाला खर्च करतोय! आणि समोर कुंडीत त्या दिवशी पहिला निव्वळ पांढरा कोंब उलगडत होता. असा देखणा, हस्तिदंती कोंब!

"थोडी कळ काढ," ते म्हणाले. "पुढच्या पौर्णिमेला तुझ्या स्वामींचंच विष बाहेर काढतो."

"म्हणजे?"

"बघशील."

"पुढच्या पौर्णिमेला माझा सर्वांग अभिषेक आहे, मामा. झाड पूर्ण हिरवं झालंय."

"तो होणार नाही. तू बिनघोर राहा," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि कुंडीला पाणी घातलं.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी त्यांनी शेवटचे हिरवे कोंब कापले. सकाळी कुंडीवर फडकं टाकून ते पीण्याला निघाले. मेट्रोत त्यांना गाणं गुणगुणावंसं वाटत होतं.

शेडमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. यशश्रीची कुंडी स्वामींनी आधीच तपासली होती. "कोरी झाली पोर!" अशी घोषणा झाली होती, आणि स्टेजच्या बाजूला खुर्च्यांच्या रांगेत पांढरी साडी नेसून, मान आणि अर्धा चेहरा ओढणीत गुंडाळून ती अभिषेकाची वाट बघत बसली होती. शेजारी चुलीवर तेलाचं भलंमोठं पातेलं. कमलाला आनंदानं रडू आवरत नव्हतं. तेवढ्यात तिला रांगेत भाऊ दिसला, हातात कुंडी घेतलेला.

"अण्णा! आलास?" ती धावत पुढं आली. "मला ठाऊक होतं, तू येणार. रक्ताचं नातं आहे शेवटी. पण कुंडी कुणासाठी रे? तुला कुठं..."

"एका ओळखीच्या माणसासाठी," हयवदनराव म्हणाले आणि स्टेजच्या पायऱ्या चढले.

फडकं काढलं आणि पुढच्या रांगा माना उंचावून बघू लागल्या. एवढं पांढरं झाड तिथं कोणी बघितलं नव्हतं. एका पानावर हिरव्याची रेघ नाही. स्वामी क्षणभर चपापले, पण मुरलेला गडी! दुसऱ्या क्षणी त्यांनी माइक ओढला.

"अरेरेरे! बघा हो, बघून घ्या! मुळापासून सडलाय हा माणूस, मुळापासून! अमावास्या पाळली नाही, पाप लपवलं, वरून भक्तीचं सोंग केलं. असल्या माणसाच्या हातचं पाणी पिऊ नका. ह्याची सावली पोरांवर पडू देऊ नका. देवाला फसवायलास व्हय रे? नागराज, वाच नाव! जोरात वाच. साऱ्या बेंगळुराला कळू दे!"

नागराजनं चिठ्ठी माइकजवळ धरली. "शिवकुमार," तो खणखणीत आवाजात म्हणाला. "वडील, भरमाप्पा. नक्षत्र..." आणि त्याचा आवाज बसला.

"रोहिणी," हयवदनराव म्हणाले. "आणि राहणार, हीच शेड. वाच की. थांबलास का?"

स्वामींच्या कपाळावरचा टिळा नाकावर ओघळला. या वेळी तो टिपायला नागराज पुढं झाला नाही.

"कपट!" स्वामी ओरडले. "माझ्या नावानं कुणी..."

"तुमच्याच नियमानं केलं, महाराज. नाव घातलं की रोग पानात उतरतो, हे तुमचंच वाक्य." हयवदनरावांनी माइक घेतला. वर्गात शिरल्यासारखा त्यांचा आवाज लागला. "मंडळी, ऐका. या झाडाचं नाव होस्टा. याच्या अंगात दोन जातींच्या पेशी एकत्र नांदतात. एकीत हिरवं द्रव्य असतं, एकीत नसतं. कोंब फुटताना कधी दोन्ही येतात, तेव्हा पान चट्टेरी होतं. कधी एकच जात येते, तेव्हा कोंब निव्वळ हिरवा, नाही तर निव्वळ पांढरा. हा रंग टिकाऊ नाही, कोणत्याही घरात, कोणाच्याही नावानं तो बदलणारच. तुम्ही दर अमावास्येला पांढरा कोंब कापलात. मग कुंडीत उरणार काय? हिरवा! तो दांडगा असतो, स्वतःचं अन्न स्वतः करतो, सगळी कुंडी व्यापतो. मी हिरवा कापला, मला पांढरा उरला. यात पाप नाही, पुण्य नाही, कैलास नाही. तुमच्याच हातातली कात्री तुम्हाला दाखवून हा माणूस म्हणतो, बघा चमत्कार! आणि पांढरं झाड घरी ठेवून बघा, पंधरवड्यात उपाशी मरेल, कारण त्याला अन्न करता येत नाही."

इतकं सोपं, इतकं स्वच्छ सांगितलं होतं की पहिलीतल्या पोरालाही कळावं. हयवदनराव थांबले. आता लोकांच्या डोक्यात उजेड पडेल, ते वाट बघू लागले.

पहिल्या रांगेतली एक म्हातारी, जिच्या डोक्यावर स्वामींनी नुकताच हात ठेवला होता, ती पदरानं डोकं खसाखसा पुसू लागली. "अय्यो, स्वामींनाच कोड!" ती किंचाळली. "मला हात लावला हो त्यांनी!"

"पोराला लांब घे आधी!"

"प्रसाद खाल्लाय आपण सकाळी!"

बघता बघता शेड मागं सरकली. माणसं एकमेकांच्या अंगावर पडत दाराकडे पळायला लागली. नागराजनं खिशातला हिरवा रुमाल झुरळ झटकावं तसा फेकून दिला. स्वामींनी शाल काढली, दोन्ही हात वर केले, गोल फिरून दाखवलं. "बघा की! कुठं हाय डाग? एक तरी दावा! नाही की हो मला काही!"

"मुळात सडलंय!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं. "वर दिसायचं नाही!"

एक चप्पल आली, मग दुसरी. स्वामींनी लुंगी आवळली आणि मागच्या दारानं जी धूम ठोकली ती थेट गाडीत. हयवदनराव पोट धरून हसत होते. इतकं सुख त्यांना निवृत्तीच्या सत्कारातही झालं नव्हतं. ज्याच्या विद्येला पेन्शनपुरती म्हणाले होते त्यानं स्वामीला स्वामीच्याच तोंडून उघडा पाडला होता! त्यांनी डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि बहिणीचा चेहरा बघायला वळले.

कमला खुर्च्यांच्या रांगेपाशी एकटी उभी होती. पळणारी गर्दी त्या रांगेला वळसा घालून, अंग चोरून चालली होती. एका बाईनं यशश्रीच्या खुर्चीजवळ पडलेली आपली पिशवी काठीनं ओढून घेतली. या धांदलीत यशश्रीची ओढणी कोणाच्या तरी पायाखाली गेली होती, आणि ती मान उघडी टाकून उभी होती.

हयवदनरावांनी आता तिच्याकडे नीट बघितलं. मान, हनुवटी, अर्धा गाल, दोन्ही मनगटं काळीनिळी पडली होती. कुठं कातडं सोललेलं, कुठं पाण्यानं टच्च भरलेले फोड. ओठाजवळचा डाग, जो डॉक्टरांनी भरत आणला होता, तिथं आता ओली जखम होती. ते दोन पावलं पुढं गेले आणि तेलाचा कडवट वास त्यांच्या नाकात शिरला. चुलीजवळ गाळणी पडली होती, गाळणीत चोथा. त्यांनी चिमूट उचलली. बारीक, काळं, मूत्रपिंडाच्या आकाराचं बी.

बावची.

पंचवीस वर्षं त्यांनी हे बी मुलांच्या हातात देऊन सांगितलं होतं. याचं तेल अंगाला लावून उन्हात बसलात तर भाजून निघाल, हे जाणकार डॉक्टरच्या हाताखालचं काम आहे, घरी खेळ करू नका. महानंदा परत का आली नाही तेही त्यांना आता कळलं. कुंडीतल्या पानाची एकेक शीर त्यांनी रोज न्याहाळली होती, आणि भाचीच्या अंगावरचं तेल एकदाही हुंगून बघितलं नव्हतं.

"यशू..." ते म्हणाले.

यशश्रीनं त्यांच्या हातातला माइक काढून घेतला. दारापाशी अजून बरीच माणसं खोळंबली होती.

"थांबा जरा," ती म्हणाली. "माझं नाव यशश्री. मला कोड आहे. हे बघा, हे कोड, आणि हे भाजलेलं. भाजलेलं तुमच्या स्वामींनी दिलं. कोड कुणी दिलेलं नाही. ते पाप नाही, शिवल्यानं लागत नाही, माझ्या हातचं पाणी प्यायल्यानं कुणाला होत नाही. शरीर स्वतःच्याच रंगाच्या पेशी मारतं, एवढंच त्याचं कारण आहे, आणि त्याला डॉक्टर आहेत. तुम्ही आत्ता पळालात ते स्वामी खोटा आहे म्हणून नाही. त्याला कोड आहे असं वाटलं म्हणून पळालात. म्हणजे त्यानं शिकवलेलं तुम्ही अजून सोडलेलं नाही. मामांनी इतकं समजावलं, ते तुमच्या कानावरून गेलं. ज्यांनी तेल लावलंय त्यांनी सावलीत या, अंग धुवा आणि माझ्याबरोबर दवाखान्यात चला. लाजू नका. मीही शिकलेली आहे आणि मीही फसले."

सात-आठ जण परत आले. एका तरुण पोरीनं आपल्या बाहीचं बटण सोडलं आणि भाजलेला हात पुढं केला. बाकीचे निघून गेले.

मग यशश्री मामांकडे वळली. माइक बंद करायचं तिला सुचलं नाही, त्यामुळं शेडमध्ये जे कोणी उरले होते त्या सगळ्यांनी ऐकलं.

"मामा, हे कोंब कापण्याचं तुला कधी कळलं?"

हयवदनरावांना खोटं बोलता आलं असतं. त्यांनी मान खाली घातली. "पहिल्याच दिवशी."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही ऐकलं असतंत का? कमलानं मला..."

"आईनं तुझा अपमान केला. मी केला होता का? मी तुला फोन केला, मामा. आग होते म्हणून सांगितलं. तू म्हणालास, कळ काढ." तिला रडू फुटलं, पण तिनं ते पुसलं नाही, पुसायला गालावर जागाच नव्हती. "मी गच्चीवर भाजत होते आणि तू कुंडीला पाणी घालत होतास. तुला मला वाचवायचं नव्हतं. तुला जिंकायचं होतं."

भावाला सुनवायची आयती संधी कमलाकडे आली होती, पण तिनं लेकीच्या खांद्याला हात लावायचा प्रयत्न केला, तो कुठं लावावा ते तिला कळेना, आणि ती तशीच हात अधांतरी धरून उभी राहिली.

दवाखान्यात डॉक्टरांनी जखमा धुतल्या आणि जे खरं ते सांगितलं. फोड बरे होतील. पण कोड असलेल्या माणसाची कातडी जिथं भाजते, सोलते, तिथं नवं कोड उठू शकतं. पूर्वीचा उपचार पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागेल, आणि या खेपेला डाग जास्त असतील.

हयवदनराव आता दर आठवड्याला कमलाच्या घरी जातात. कमला दार उघडते, कॉफी देते. यशश्री खोलीतून बाहेर येते, "बस मामा" म्हणते आणि आपल्या कामाला लागते. ती त्यांच्याशी भांडत नाही. काही विचारतही नाही. उपचाराबद्दल काही विचारायचं असलं तर ती डॉक्टरांना फोन करते.

तर मंडळी, झाडाचा रंग फिरला तर झाडाकडे बघा, नशिबाकडे बघू नका. कोणी चमत्कार दाखवला तर विचारा की कात्री कोणाच्या हातात आहे आणि कापलं काय. अंगाला काही लावायला दिलं तर त्यात काय आहे ते आधी विचारा, आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय लावू नका. अंगावर पांढरा डाग असलेला माणूस दिसला तर त्याच्या शेजारी बसा, त्याच्या हातचं पाणी प्या. हे तुम्हाला सांगायचंच होतं. आणि तुमच्यातल्या ज्या शहाण्यांना असली लबाडी सगळ्यांच्या आधी कळते, त्यांना एक वेगळं सांगणं आहे. कळेल त्याच दिवशी सांगा. समोरच्यानं हाकललं तर परत जाऊन सांगा, तिसऱ्यांदा जाऊन सांगा. सभा भरायची वाट बघू नका, कारण तोवर कोणीतरी उन्हात बसलेलं असतं.